माजाँगमधील अनिर्णित डाव

माजाँग या चिनी बैठ्या खेळात उचलण्याजोग्या सर्व सोंगट्या संपूनही चारांपैकी एकाही खेळाडूचा हात पुरा झाला नाही, तर तो डाव अनिर्णित समजला जातो. काही पद्धतींत सोंगट्या शिल्लक असतानाही विशिष्ट प्रसंगी डाव मोडून तो अनिर्णित ठरवितात. अशा डावाचे गुण कोणास द्यावयाचे, वाटणाऱ्याचा मान कोणाकडे राहावयाचा आणि पुढील डावावर त्याचा कोणता परिणाम व्हावयाचा, असे तीन प्रश्न त्यातून निर्माण होतात. निरनिराळ्या देशांत त्यांची उत्तरे वेगवेगळी दिली गेली आहेत. माजाँग बहुधा पैशांचा किंवा गुणांचा हिशेब मांडून खेळला जात असल्यामुळे हे भेद केवळ औपचारिक नाहीत. ज्या हाताला एका पद्धतीत काहीच मिळत नाही, त्याच हाताला दुसऱ्या पद्धतीत चांगली प्राप्ती होते. आणि डाव संपत आला असता धोका पत्करावा की हात मोडून स्वतःचा बचाव करावा, हा निर्णयही या नियमांवरच अवलंबून असतो.

खेळाची रचना : माजाँगच्या मूळ संचात १३६ सोंगट्या असतात. वर्तुळे, बांबू व अक्षरे असे तीन रंग. प्रत्येक रंगात एक ते नऊ आकडे आणि प्रत्येक आकड्याच्या चार सोंगट्या, अशा १०८ सोंगट्या होतात. त्यांखेरीज चार वाऱ्यांच्या (पूर्व, दक्षिण, पश्चिम व उत्तर) १६ आणि तीन ड्रॅगनांच्या (लाल, हिरवा व पांढरा) १२ सोंगट्या असतात. फुले व ऋतू यांच्या आठ सोंगट्या धरल्यास एकूण संख्या १४४ होते. सोंगट्या पालथ्या घालून पिसतात व प्रत्येक खेळाडू आपल्यासमोर दोन थरांची भिंत रचतो. १३६ सोंगट्यांच्या खेळात प्रत्येक बाजूस १७ जोड्या येतात. वाटणारा खेळाडू ‘पूर्व’ म्हणून ओळखला जातो. तो १४ व इतर प्रत्येकी १३ सोंगट्या घेतात. त्यानंतर प्रत्येकाने पाळीपाळीने भिंतीतून एक सोंगटी उचलावयाची व एक उघडी टाकावयाची, असा क्रम चालतो.

तीन-तीन सोंगट्यांचे चार संच व एक जोडी जुळली, की हात पुरा होतो. तीन सारख्या सोंगट्यांच्या संचास ‘पुंग’, एकाच रंगातील लागोपाठच्या तीन आकड्यांच्या संचास ‘चाव’ व चार सारख्या सोंगट्यांच्या संचास ‘कांग’ म्हणतात. कांग तीन सोंगट्यांच्या संचाएवढाच मानला जात असल्याने तो करणाऱ्यास भिंतीच्या मागील टोकाकडून एक जादा सोंगटी मिळते. दुसऱ्याने टाकलेली सोंगटीही ठराविक नियमांनी मागून घेता येते. पुरा होण्यास केवळ एक सोंगटी कमी असलेल्या हातास पुढील विवेचनात ‘सज्ज हात’ म्हटले आहे.

डाव अनिर्णित होण्याची कारणे : वाटणीत ५३ सोंगट्या जातात व १३६ पैकी ८३ उरतात. अनेक पद्धतींत भिंतीच्या शेवटच्या १४ सोंगट्या राखून ठेवतात व त्या नेहमीच्या पाळीत उचलत नाहीत. म्हणजे प्रत्यक्ष खेळावयास ६९ सोंगट्या मिळतात. पाळीचा क्रम कोठेही मोडला नाही, तर त्या प्रत्येकास सतरा-अठरा वेळाच उचलता येतात. एवढ्यात विसंगत हाताचे चार संच व जोडी जुळविणे नेहमीच शक्य होत नाही. शिवाय हव्या असलेल्या सोंगट्या प्रतिस्पर्ध्यांच्या हातांत अडकून पडलेल्या असू शकतात. समजा, एका खेळाडूचा हात बांबूच्या पंजीसाठी अडला आहे व तशा चार सोंगट्यांपैकी एक आधीच टाकली गेली आहे. उरलेल्या तीन प्रतिस्पर्ध्यांच्या ३९ सोंगट्यांत व राखीव भागात दडून बसल्या, तर तो सज्ज असूनही शेवटपर्यंत जिंकत नाही.

राखीव भाग किती असावा, यावरूनही फरक पडतो. तो नसेल, तर न दिसलेली प्रत्येक सोंगटी प्रतिस्पर्ध्याच्या हातात किंवा उरलेल्या भिंतीत असलीच पाहिजे आणि डावाच्या शेवटी अनुमान जवळजवळ निश्चित होते. तो असेल, तर अखेरपर्यंत संशयाला जागा राहते. तैवानमधील १६ सोंगट्यांच्या खेळात सामान्यतः शेवटच्या १६ सोंगट्या राखतात. हाँगकाँगच्या प्रचलित खेळात मात्र भिंत शेवटपर्यंत वापरण्याची रीत आहे. जपानी पद्धतीत एखाद्याने कांग केल्यास राखीव भागातून गेलेल्या सोंगटीची भरपाई चालू भिंतीच्या शेवटच्या सोंगटीने करतात. त्यामुळे राखीव संख्या १४ च राहते व खेळण्याजोगी भिंत एका सोंगटीने घटते.

पत्त्यांतील रमी खेळणाऱ्यास या ठिकाणी एक शंका येणे स्वाभाविक आहे. रमीत गड्डी संपली, की टाकलेली पाने पिसून पुन्हा गड्डी करतात व खेळ पुढे चालू ठेवतात. मग माजाँगमध्ये तसे का करीत नाहीत? माजाँगमध्ये टाकलेली सोंगटी तत्काळ मागितली गेली नाही, तर ती त्या डावापुरती मृत होते. अशा सोंगट्या पटावर उघड्या राहतात व कोणते आकडे संपले, हे सर्वांना दिसते. बचावाचे सारे कौशल्य या माहितीवर आधारलेले असते. त्या पुन्हा पिसल्यास ही माहिती पुसली जाईल. म्हणूनच भिंत संपणे हा माजाँगमध्ये डावाचा खरा शेवट ठरतो [⟶ पत्त्यांचे खेळ].

शेवटच्या सोंगटीचे महत्त्व : शेवटची सोंगटी उचलली गेली, की डाव तत्काळ अनिर्णित होत नाही. ती उचलणाऱ्याचा हात पुरा झाल्यास तो जिंकतो. चिनी परंपरेत या विजयास ‘समुद्राच्या तळातून चंद्र काढणे’ असे काव्यमय नाव असून त्यास जादा गुण मिळतात. हात पुरा न झाल्यास त्या खेळाडूस एक सोंगटी टाकावी लागते व तिच्यावर दुसरा कोणी जिंकू शकतो. १९९८ च्या चिनी स्पर्धानियमांत व जपानी पद्धतीत ही अखेरची सोंगटी फक्त विजयासाठीच मागता येते. पुंग वा चाव करण्यासाठी नव्हे. तीही कोणी मागितली नाही, म्हणजे डाव अनिर्णित होतो.

जुनी चिनी पद्धती : माजाँगला आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनच्या यांगत्से नदीच्या मुखाकडील प्रदेशात आले, असे मानले जाते. जुन्या पद्धतीत एखादा जिंकला, तर त्याच्याबरोबरच इतर तिघांच्या पुंग व कांग यांचेही गुण मोजले जात आणि हरणारे आपसांतही हिशेब चुकता करीत. डाव अनिर्णित झाल्यास मात्र कोणाचेच गुण मोजत नसत. हातात चार ड्रॅगनांचा मौल्यवान कांग असला, तरी तो वाया जाई. वाटणाऱ्याचा मान पूर्वेकडेच राही व तोच पुन्हा वाटणी करी. पूर्वेस जिंकल्यास दुप्पट मिळते व हरल्यास दुप्पट द्यावे लागते; त्यामुळे हा मान राहणे फायद्याचे की तोट्याचे, हे पुढील हातावर ठरे. हाँगकाँग व तैवान येथेही अनिर्णित डावानंतर वाटणाऱ्याने कायम राहण्याची रीत सामान्यतः आढळते. तैवानमध्ये वाटणारा जितक्या वेळा लागोपाठ कायम राहील, तितकी त्याच्या संदर्भातील देण्याघेण्याची रक्कमही वाढत जाते. म्हणजे अनिर्णित डावात प्रत्यक्ष देणेघेणे होत नसले, तरी पुढील डावाची पैज मोठी होते.

चीनमधील स्पर्धानियम : १९४९ नंतर चीनमध्ये जुगाराचे साधन म्हणून माजाँगवर निर्बंध आले. पुढे खेळाला क्रीडेचे स्वरूप द्यावे, या हेतूने १९९८ मध्ये तेथील शासकीय क्रीडा यंत्रणेने स्पर्धेचे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार १४४ सोंगट्या वापरतात, राखीव भाग नसतो व जिंकण्यासाठी हाताचे किमान आठ गुण व्हावे लागतात. अनिर्णित डावात कोणासही गुण मिळत नाहीत. प्रत्येक डावानंतर, तो कोणीही जिंको वा अनिर्णित राहो, वाटणी पुढील खेळाडूकडे जाते. त्यामुळे सोळा डावांचा सामना नेमका सोळा डावांतच संपतो. अनेक पटांवर एकाच वेळी सामने भरवायचे असता ही निश्चितता सोयीची ठरते. मात्र ज्याची वाटणी अनिर्णित डावात गेली, त्यास ती परत मिळत नाही.

सेचवान पद्धती : चीनच्या सेचवान प्रांतात लोकप्रिय असलेला प्रकार या बाबतीत सर्वांत कठोर आहे. त्यात वारे, ड्रॅगन व फुले वगळून केवळ १०८ सोंगट्या वापरतात. जिंकणाऱ्याच्या हातात जास्तीत जास्त दोनच रंग असावे लागतात. एक खेळाडू जिंकला, तरी उरलेले पुढे खेळत राहतात. तिघे जिंकले किंवा भिंत संपली, की डाव थांबतो. भिंत संपल्यावर न जिंकलेल्यांचे हात तपासतात. ज्याच्या हातात तिन्ही रंग शिल्लक असतील, त्यास ‘फुलडुक्कर’ म्हणतात व त्याला दंड भरावा लागतो. ज्याचा हात सज्ज नसेल, त्याने सज्ज खेळाडूस त्याचा हात पुरा झाल्यावर जास्तीत जास्त जेवढे मिळाले असते, तेवढे द्यावे लागते. शिवाय डावात कांगांबद्दल मिळालेली रक्कमही त्याला परत करावी लागते. जुन्या चिनी पद्धतीत अनिर्णित डाव सर्वांना सारखाच शून्यावर आणतो. सेचवान पद्धतीत तो न जिंकलेल्यांची झडतीच घेतो.

जपानी पद्धती : माजाँग विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये पोहोचला व तेथे त्याला स्वतंत्र वळण लागले. अनिर्णित डावाचे सर्वाधिक तपशीलवार नियम याच पद्धतीत आहेत. अशा डावास जपानीत ‘र्‍यूक्योकू’ म्हणजे ‘वाहून गेलेला डाव’ असे म्हणतात. भिंत संपल्यावर सज्ज खेळाडू आपले हात उघडे करतात व सज्ज नसलेले त्यांना एकूण ३,००० गुण देतात. एकच खेळाडू सज्ज असेल, तर इतर तिघे त्याला प्रत्येकी १,००० देतात. दोघे सज्ज असतील, तर उरलेले दोघे प्रत्येकी १,५०० देतात व सज्ज असलेल्यांना प्रत्येकी १,५०० मिळतात. तिघे सज्ज असतील, तर चौथा प्रत्येकास १,००० देतो. चौघेही सज्ज असतील किंवा एकही सज्ज नसेल, तर देणेघेणे होत नाही.

वाटणारा सज्ज असल्यास वाटणी त्याच्याकडेच राहते. नसल्यास ती पुढे जाते. काही ठिकाणी मात्र जिंकल्याखेरीज वाटणी राखता येत नाही. प्रत्येक अनिर्णित डावानंतर पटावर एक खूणकाडी ठेवतात. पुढील विजेत्यास अशा प्रत्येक काडीमागे ३०० गुण अधिक मिळतात. दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर तो जिंकल्यास हे गुण टाकणारा एकटा देतो. स्वतः उचललेल्या सोंगटीवर जिंकल्यास तिघे प्रत्येकी १०० देतात. बंद हात सज्ज झाल्याची जाहीर घोषणा करणाऱ्याने ठेवलेली १,००० गुणांची अनामतही पटावरच राहते व पुढील विजेता ती घेतो. अशा रीतीने लागोपाठ दोन-तीन डाव अनिर्णित झाले, की एखादा लहानसा हातही किफायतशीर ठरतो.

या पद्धतीत एक विलक्षण अपवाद आढळतो. ज्याने डावभर फक्त एक्के, नव्व्या, वारे व ड्रॅगन एवढेच टाकले आणि ज्याची एकही टाकलेली सोंगटी कोणी मागून घेतली नाही, त्यास अनिर्णित डावातही मोठ्या हाताएवढे गुण देतात.

मध्येच मोडणारे डाव : भिंत संपण्यापूर्वीच डाव मोडण्याचे जपानी पद्धतीतील प्रसंग मुख्यतः पाच आहेत. (१) पहिली सोंगटी उचलताच खेळाडूच्या हातात एक्के, नव्व्या, वारे व ड्रॅगन यांच्या तेरा प्रकारांपैकी नऊ किंवा अधिक निरनिराळे प्रकार असणे. येथे डाव मोडणे ऐच्छिक आहे. कारण हेच तेरा प्रकार जमवून ‘तेरा अनाथ’ हा अत्युच्च गुणांचा हात साधता येतो. (२) पहिल्याच फेरीत चौघांनीही एकच वारा टाकणे. (३) चौघांनीही सज्ज हाताची घोषणा करणे. (४) दोन किंवा अधिक खेळाडूंनी मिळून चार कांग करणे. एकाच खेळाडूने चारही केले असल्यास मात्र खेळ पुढे चालतो. (५) एकाच सोंगटीवर तिघांनी एकदम विजय सांगणे. अशा मोडलेल्या डावांत सज्ज-असज्ज असा हिशेब करीत नाहीत. वाटणारा कायम राहतो व खूणकाडी वाढते. या नियमांबाबत एकमत नाही. तिघांच्या एकदम विजयाच्या प्रसंगी काही मंडळे तिघांनाही गुण देतात. अनेक स्पर्धांत तर हे पाचही नियम गाळले जातात.

पाश्चात्त्य पद्धती : जोसेफ पार्क बॅबकॉक या अमेरिकी गृहस्थाने चीनमधील वास्तव्यानंतर १९२० मध्ये इंग्रजीत सुलभ नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर अमेरिकेत व इंग्लंडमध्ये या खेळाची लाट उसळली. इंग्रजी मध्यमवर्गात तो किती रुळला होता, हे अगाथा ख्रिस्ती यांच्या द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड (१९२६) या रहस्यकथेतील माजाँगच्या बैठकीवरील प्रकरणावरून दिसून येते.

इंग्रजी पटांवर अनिर्णित डावानंतर ‘गुलाश’ नावाचा विशेष डाव खेळण्याची प्रथा रूढ झाली. गुलाश हा मूळचा हंगेरीतील मांसाचा रस्सा. हेच नाव ब्रिजमध्ये सर्वांनी बोली नाकारल्यानंतर पाने नीट न पिसता गठ्ठ्यांनी वाटावयाच्या डावासही आहे. माजाँगच्या गुलाशमध्ये वाटणीनंतर खेळाडू नको असलेल्या सोंगट्यांची ठराविक क्रमाने अदलाबदल करतात. कित्येक ठिकाणी त्यात चाव करण्यास मनाई असते, तर काही ठिकाणी एखादी सोंगटी कोणत्याही सोंगटीच्या जागी चालते. निष्फळ डावानंतर मोठ्या हातांचा चुरशीचा डाव व्हावा, हा त्यामागील हेतू होय.

अमेरिकेत १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे नॅशनल माजाँग लीग ही संस्था स्थापन झाली. तिच्या पद्धतीत आठ जोकर धरून १५२ सोंगट्या असतात व संस्थेने दरवर्षी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातील हातच ग्राह्य मानतात. अनिर्णित डावास तेथे ‘भिंतीचा डाव’ अशा अर्थाचे नाव आहे. त्यात कोणी कोणास काही देत नाही व वाटणी पुढे जाते.

भारतातील प्रसार : मुंबईचा चीनशी व्यापारी संबंध जुना आहे. संजाणपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्याशी ज्यांच्या वसाहतीच्या परंपरा निगडित आहेत, त्या पारशी समाजातील व्यापारी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मुंबईहून कँटनला जात. सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होत. तथापि हा व्यापार ऐन भरात होता, तेव्हा माजाँगला आजचे रूप आलेले नव्हते. म्हणून खेळाच्या आगमनाचा संबंध त्याच्याशी जोडता येत नाही. मुंबईत माझगाव येथे चिनी लोकांची लहान वस्ती होती व त्यांचे १९१९ मधील मंदिर अद्याप तेथे आहे. भारतातील इंग्रजी शिक्षित वर्गात मात्र हा खेळ इंग्रजी नियमपुस्तके व क्लब यांच्या द्वारे पसरला. मुंबईतील पारशी व इतर समाजांच्या स्त्रियांच्या मंडळांत, तसेच सैन्यदलांतील अधिकाऱ्यांच्या कुटुंबांत तो आवडीने खेळला जातो. बदलीबरोबर कुटुंबे एका छावणीतून दुसरीकडे जातात व आपले नियमही सोबत नेतात. त्यामुळे एकाच पटावर निरनिराळ्या रीतींचे खेळाडू एकत्र येण्याचा संभव असतो.

नियमभेदांचे परिणाम : भिंत संपली असून केवळ पूर्वेचा हात सज्ज आहे, अशी एकच स्थिती घेतल्यास नियमभेदांचे स्वरूप स्पष्ट होते. जुन्या चिनी पद्धतीत पूर्वेस काही मिळत नाही, पण वाटणी राहते. १९९८ च्या चिनी व अमेरिकी नियमांत काही मिळत नाही व वाटणीही जाते. जपानी पद्धतीत ३,००० गुण मिळतात, वाटणी राहते आणि पुढील विजयाची किंमत वाढते. सेचवान पद्धतीत इतर तिघांना त्याच्या संभाव्य विजयाचे पूर्ण मूल्य द्यावे लागते. इंग्रजी पटावर त्याला काहीच न मिळता सर्वजण गुलाशकडे वळतात.

खेळाचे डावपेचही त्यानुसार बदलतात. अनिर्णित डावास किंमत नसेल, तर मागे पडलेला खेळाडू शेवटच्या फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्यास उपयोगी न पडणाऱ्या सोंगट्याच टाकतो व डाव निष्फळ होऊ देतो. बरोबरी हे त्याच्या दृष्टीने यशच असते. सज्ज नसण्याबद्दल दंड असेल, तर तोच खेळाडू पेचात सापडतो. धोक्याची सोंगटी टाकून हात सज्ज ठेवावा, तर ती कदाचित दुसऱ्यास विजय देईल. सुरक्षित सोंगटीसाठी हात मोडावा, तर दंड निश्चित. जपानी पद्धतीत जिंकण्यास आवश्यक असे वैशिष्ट्य हातात नसले, तरी तो रचनेने सज्ज असल्यास पुष्कळदा पुरेसे मानतात. त्यामुळे जिंकण्याची आशा सोडलेले खेळाडूही दंड टाळण्यासाठी अखेरीस असे हात जुळवितात.

या भेदांमागे दोन भिन्न दृष्टिकोन आहेत. कोणीच हात पुरा केला नाही, म्हणून कोणासच श्रेय नाही, हा एक. आणि विजयाच्या उंबरठ्यावर पोहोचलेला व त्यापासून दूर राहिलेला यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, हा दुसरा. बुद्धिबळात बरोबरीचा अर्धा गुण दोघांना समान वाटला जातो [⟶ बुद्धिबळ]. माजाँगमध्ये चारही हात झाकलेले असतात व दैवाचा वाटाही मोठा असतो, त्यामुळे असा एकच सर्वमान्य तोडगा निघालेला नाही. म्हणून खेळ सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी ठरवून घेणे इष्ट असते : राखीव सोंगट्या किती, सज्ज हाताला मोबदला आहे की नाही, वाटणी कोणाकडे राहील, आणि डाव मध्येच मोडण्याचे कोणते प्रसंग मान्य आहेत. भिंत संपल्यानंतर, हात उघडे पडलेले असताना, या प्रश्नांचा निःपक्षपाती निर्णय होणे कठीण असते. कारण तोपर्यंत प्रत्येक उत्तराशी कोणाचा ना कोणाचा लाभ जोडला गेलेला असतो.